धुरात गुदमरलेला पेशंट आणि आपली पीएचसी: सिम्युलेशन ड्रिल कसं घ्यायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

ऊसतोडीच्या सीझनला कारखान्यांच्या आजूबाजूला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, वर ताडपत्री, आत चूल, बाजूलाच गोधड्या आणि लेकरं. अशी कोपी पेटली की मुकादम मिळेल त्या जीपमध्ये माणसं घालून पहिल्यांदा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच आणतो, बर्न्स युनिटला कोणी थेट जात नाही. त्या वेळी पीएचसीला एक मेडिकल ऑफिसर, एक सिस्टर, एक मामा नाहीतर मावशी (दवाखान्यातले मदतनीस) आणि एखादा ऑक्सिजन सिलेंडर असतो. भाजलेलं सगळ्यांना दिसतं, आत गेलेला धूर दिसत नाही, आणि त्यामुळेच या केसची प्रॅक्टिस आधी करून ठेवायला लागते. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ ला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळं गेली, त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली, म्हणजे धुराचा पेशंट बाहेरूनच येईल असंही नाही.

खाली जे लिहितोय ते महागडी सिम्युलेशन लॅब नसलेल्या लोकांसाठी आहे. आपल्याच ड्रेसिंग रूममध्ये, आपल्याच सिलेंडरवर, आपल्याच स्टाफसोबत, एका दुपारी होणारं ड्रिल, म्हणजे खोट्या पेशंटवर खऱ्यासारखा सराव.

आधी शिकवणाऱ्याच्या डोक्यात काय पक्कं पाहिजे

धूर शरीरात तीन वेगवेगळ्या तऱ्हेने मारतो आणि ड्रिलमध्ये तिन्ही दिसले पाहिजेत. पहिलं, गरम हवेने घसा आणि स्वरयंत्राजवळचा भाग भाजतो, सूज येते, आणि ही सूज लगेच नाही तर पुढच्या काही तासांत वाढत जाते, साधारण पहिल्या चोवीस तासांत सगळ्यात जास्त होते, म्हणून आत्ता नीट बोलणारा पेशंट दोन तासांनी श्वासच घेऊ शकणार नाही असं होऊ शकतं. दुसरं, धुरातल्या केमिकल्सने खालच्या श्वासनलिका चिडतात, घरघर होते, काळा बेडका पडतो. तिसरं विषबाधा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि फोम, नायलॉन, लोकर, प्लास्टिक जळालं असेल तर सायनाइडसुद्धा.

कार्बन मोनॉक्साइडचं एक गणित प्रत्येक स्टाफला कळलंच पाहिजे. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायचा साधा पल्स ऑक्सिमीटर त्या चिकटलेल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनवालंच समजतो. म्हणजे पेशंट आतून उपाशी आणि स्क्रीनवर ९९. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. म्हणून मास्क लगेच लागला की उशिराने याला इतकी किंमत आहे. पुस्तकात लिहिलेला चेरीसारखा लाल रंग फार क्वचित आणि फार उशिरा दिसतो, त्याची वाट बघत बसायचं नाही.

माझ्या मते अख्ख्या ड्रिलमधून स्टाफने एकच गोष्ट घरी नेली तरी चालेल, की बंद जागेतल्या धुरातून आलेल्या माणसाला एसपीओटू (ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा) कितीही दाखवू दे, फुल ऑक्सिजन लावायचा. बाकी सगळं त्याच्या मागोमाग येतं.

तयारी

जागा तीच घ्या जिथे खरा पेशंट येतो. ट्रेनिंग हॉलमध्ये टेबलं सरकवून केलेल्या ड्रिलला अर्थच राहत नाही, कारण सिलेंडरची चावी कुठेय, एनआरबीएम मास्क (पिशवीवाला ऑक्सिजन मास्क) कुठल्या कपाटात कुलूपबंद आहे, फ्लोमीटर बसतो का, रात्री त्या कोपऱ्यात लाइट आहे का, हे सगळं खऱ्या खोलीतच कळतं. ओपीडी संपल्यावर दुपारची वेळ ठेवा, आणि एक नियम आधीच सांगून टाका की खरा पेशंट आला तर ड्रिल तिथल्या तिथे बंद. त्यासाठी एक ठरलेला शब्द ठेवा, आम्ही "खरंच थांबा" म्हणतो, तो कोणीही म्हणू शकतो, मावशीसुद्धा.

पेशंट कोण? जिल्हा किंवा तालुका पातळीवर सीपीआर शिकवायचा अर्धा पुतळा बहुतेक मिळतो, मागून आणा. पण पहिल्या भागासाठी जिवंत माणूस जास्त चांगला, कारण आवाज बसणं, खोकणं, घाबरणं हे पुतळा करू शकत नाही. एखाद्या आशाताईला किंवा एएनएम सिस्टरला विचारा, बऱ्याच जणी फार सुंदर करतात. काजळी म्हणून कोळशाची पूड व्हॅसलीनमध्ये कालवून नाकपुड्यांच्या कडेला, ओठांवर, थोडी जिभेच्या टोकाला खाण्याचा काळा रंग. कपाळावरचे केस जळाल्यासारखे दाखवायला थोडी राख. हाताला लाल रंग आणि वर टिश्यू पेपर चिकटवून फाडला की भाजल्यासारखं दिसतं. साडी जुनी घ्या, कारण कात्रीने कापायची प्रॅक्टिस पण करायचीय.

दोन गोष्टी सक्त मनाई. खरा धूर, उदबत्तीसुद्धा, ड्रिलमध्ये आणायचा नाही, ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत तर नाहीच. आणि जिवंत माणसाला सुई, नळी, घशात काहीही घालणं नाही. अजून एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, एनआरबीएम मास्क खऱ्या माणसाला लावणार असाल तर फ्लो खरोखर चालू ठेवा, कारण त्या मास्कला व्हॉल्व्ह असतात, फ्लो बंद असला तर आतल्याचा जीव घाबरा होतो. इंट्युबेशनची (तोंडातून श्वासनलिकेत नळी घालायची) वेळ आली की आशाताई बाजूला आणि पुतळा टेबलावर.

मॉनिटर नसेल तर पुठ्ठ्याची कार्डं करा, एकेका कार्डावर पल्स, श्वास, बीपी, एसपीओटू. स्टाफने ऑक्सिमीटर लावला तरच एसपीओटूचं कार्ड दाखवायचं, बीपी घेतलं तरच बीपीचं. न मागता काहीच द्यायचं नाही, कारण खऱ्या पेशंटच्या कपाळावर बीपी लिहिलेलं नसतं. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून "फक्त ट्रेनिंग" असं लाल शाईने लिहा आणि मोजून ठेवा.

सुरू करायच्या आधीची दहा मिनिटं

ही दहा मिनिटं बहुतेक लोक गाळतात आणि मग ड्रिल परीक्षा होऊन बसतं. सगळ्यांना गोल बसवा आणि सरळ सांगा की आज कुणाचे मार्क नाहीत, टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेबांकडे कुणाचं नाव जाणार नाही, आपण खोली, सामान आणि आपली पद्धत तपासतोय. मोबाईलवर शूटिंग करायचं असेल तर सगळ्यांची परवानगी घ्या आणि डीब्रीफिंग (केसनंतरची चर्चा) झालं की तिथेच डिलीट करा. काय खरं करायचं (ऑक्सिजन जोडणं, कपडे काढणं, १०८ ला फोन लावल्याची ॲक्टिंग) आणि काय तोंडी सांगायचं हे स्पष्ट करा. १०८ वर खरा फोन करायचा नाही, बाजूच्या खोलीत एक जण फोन घेऊन बसेल, तोच १०८, तोच जिल्हा रुग्णालयाचा कॅज्युअल्टीचा डॉक्टर.

मग पाच मिनिटं सामान हाताळू द्या. एनआरबीएमची पिशवी आधी बोटाने व्हॉल्व्ह दाबून पूर्ण फुगवायची, मगच चेहऱ्यावर लावायचा, फ्लो १० ते १५ लिटर, आणि श्वास आत घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर फ्लो कमी पडतोय. पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या मशीनवर) हा मास्क चालत नाही, हे प्रत्येकाने स्वतः जोडून डोळ्याने बघितलं की परत सांगावं लागत नाही.

पहिली केस: कोपीतली बाई

चालवणाऱ्याकडे कागद असा हवा. अठ्ठावीस वर्षांची बाई, ऊसतोड कामगार, रात्री कोपी पेटली, आत लेकराला शोधायला गेली, नवऱ्याने ओढून काढली, दहा-एक मिनिटं आत होती, मध्ये शुद्ध हरपली होती. उजवा हात आणि चेहरा भाजलाय. पल्स १२४, श्वास २८, बीपी ११०/७०, एसपीओटू ९९, बोलते पण थोडी भ्रमिष्ट, डोकं दुखतंय म्हणते. ही सगळी माहिती स्टाफला द्यायची नाही. नवऱ्याचं काम करणारा फक्त ओरडत आत येतो, "डॉक्टरसाहेब, बघा हो हिला, हात लई भाजलाय!" तो मुद्दाम हाताबद्दलच बोलत राहतो, कारण खरे नातेवाईक तेच करतात आणि स्टाफचं सगळं लक्ष त्या हातावर जातं. आत किती वेळ होती, बेशुद्ध झाली होती का, काय काय जळालं, हे कुणी विचारलं तरच तो सांगणार.

पहिल्या दोन मिनिटांत काय बघायचं: मास्क लागला का आणि किती लिटरवर. एसपीओटू ९९ बघून कुणी "ऑक्सिजन चांगलाय, राहू दे" म्हणालं का. धुमसणारे कपडे, बांगड्या, जोडवी काढली का (ऑक्सिजन लावायच्या आधी कपड्यात निखारा नाही ना हे बघणं आलंच). पेशंटला बसतं केलं का, कारण आडवं झोपवलं की सूज आणि श्वास दोन्ही बिघडतात. टॉर्च घेऊन नाक-तोंड कुणी बघितलं का. आणि "ताई, तुमचं नाव सांगा" म्हणून आवाज कुणी ऐकला का, कारण आवाज हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा मॉनिटर आहे.

चौथ्या मिनिटाला आशाताईचा आवाज अजून बसतो, खोकून काळं थुंकते. सातव्या मिनिटाला श्वास आत घेताना घुर्र असा आवाज, थुंकी गिळता येत नाही. इथे आता डॉक्टरांनी निर्णय घ्यायचा आहे आणि तो उशिरा घेतला तर केस बिघडते, दहाव्या मिनिटाला पेशंट सुस्त होतो. निर्णय म्हणजे काय, तर जो सगळ्यात अनुभवी आहे त्याने आत्ताच नळी घालायची, किंवा ते इथे शक्य नसेल तर त्याच क्षणी १०८ ची ॲडव्हान्स्ड ॲम्ब्युलन्स आणि भूलतज्ञ असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल. ज्या डॉक्टरने वर्षानुवर्षं इंट्युबेशन केलेलं नाही त्याने सुजलेल्या घशात एकट्याने धाडस करावं असं मी म्हणणार नाही, पण "थोडं बघू, नेब्युलायझेशन देऊ" म्हणत अर्धा तास घालवणं त्याहून वाईट. नळी घालायची असेल तर ती कापून आखूड करायची नाही, कारण चेहरा सुजला की आखूड नळी बाहेर येते. मोठ्या माणसाला जमलं तर आठ नंबर, पण सात आणि सहा उघडून हाताशी. चेहरा भाजलेला असताना चिकटपट्टी टिकत नाही, नाडीने बांधा.

बाराव्या-तेराव्या मिनिटाला फोनवरचं हँडओव्हर (पेशंटची माहिती पुढच्या डॉक्टरला देणं) झालं की केस थांबवा. पेशंट मरू द्यायचा नाही, निदान पहिल्या ड्रिलला तरी नाही, माणसं मनाला लावून घेतात.

केस चालू असताना चालवणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं. सिस्टर सिलेंडरची चावी शोधत दोन मिनिटं फिरतायत, बघवत नाही, तरी सांगायचं नाही, फक्त घड्याळ बघून लिहायचं. आल्यापासून ऑक्सिजनपर्यंत किती मिनिटं, घसा बघेपर्यंत किती, रेफरचा फोन लागेपर्यंत किती, एवढे तीन आकडे पुरेत. सोबत हेही बघा की गरज नसताना सवयीने डेक्सा (स्टेरॉइड) किंवा अँटिबायोटिक ओढलं गेलं का, धुराच्या इजेत सुरुवातीलाच ही देऊन फायदा नाही. घरघर असेल तर साल्ब्युटामोल नेब्युलायझेशन जरूर, पण तेही ऑक्सिजनवर चालवायचं.

बोलण्याची पद्धत पण इथेच बसवायची. "कोणीतरी ऑक्सिजन लावा" असं हवेत बोललं की कोणीच लावत नाही. "सिस्टर, एनआरबीएम पंधरा लिटरवर लावा" आणि सिस्टरकडून परत "सर, पंधरावर लावला, पिशवी फुगलीय" असं आलं पाहिजे.

सिलेंडरचं गणित, हे सगळ्यांकडून कागदावर करून घ्या

बी टाइप सिलेंडरची पाण्याची क्षमता साधारण १० लिटर. त्याला गेजवर दिसणाऱ्या प्रेशरने गुणलं की आत किती ऑक्सिजन आहे ते कळतं, म्हणजे पूर्ण भरलेला १५० बारवर असेल तर दीड हजार लिटर. १५ लिटरच्या फ्लोवर तो शंभर मिनिटं पुरतो. गेज ७५ वर असेल तर पन्नासच मिनिटं. आता तुमच्या केंद्रापासून जिल्हा रुग्णालय किती लांब आहे ते धरा, वर ॲम्ब्युलन्स यायचा वेळ धरा, वर घाट, रेल्वे फाटक, ऊसाच्या ट्रॉल्यांची रांग धरा आणि अर्धा तास राखीव. दोन तासांचा रस्ता असेल तर एक भरलेला बी टाइप सुद्धा पुरत नाही हे लोकांना कागदावर बघून धक्का बसतो. ड्रिलमध्ये ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरला "तुमच्या गाडीत ऑक्सिजन किती" हा प्रश्न कुणी विचारला तर त्याचं मोकळेपणाने कौतुक करा.

रेफरच्या चिठ्ठीवर ऑक्सिजन सुरू केल्याची वेळ लिहायची. पुढच्या हॉस्पिटलला कार्बन मोनॉक्साइडची तपासणी नॉर्मल आली तरी मधले दोन तास ऑक्सिजन चालला होता हे त्यांना कळलं पाहिजे, नाहीतर ते "काही नाही" समजून मास्क काढतील.

डीब्रीफिंग

केस तेरा मिनिटांची असेल तर हे पंचवीस मिनिटं तरी द्या, शिकणं सगळं इथेच होतं. आधी "कसं वाटलं" एवढंच विचारा आणि माणसांना बोलून मोकळं होऊ द्या. मग काय काय घडलं ते क्रमाने, लिहिलेल्या वेळा समोर ठेवून. मग का घडलं. डॉक्टर आणि सीनियर सगळ्यात शेवटी बोलतील, हे पाळाच, कारण साहेब आधी बोलले की सिस्टर गप्प होतात आणि मामा तर बोलतच नाहीत, आणि बऱ्याचदा मामालाच माहीत असतं की मास्क मागच्या महिन्यात दुसऱ्या कपाटात हलवलेत.

प्रश्न असा नको की "ऑक्सिजन का नाही लावला?" असा विचारा, "एसपीओटू ९९ दिसला तेव्हा तुमच्या डोक्यात काय चाललं होतं?" यात माणूस आपला विचार उघडून दाखवतो आणि तो विचार दुरुस्त करता येतो. शेवटी एका कागदावर सामानाची आणि जागेची यादी: काय हललं पाहिजे, कोण हलवणार, कधीपर्यंत. चावी सिलेंडरलाच साखळीने बांधणं, मास्क कुलपातून बाहेर काढून सिलेंडरवर पिशवीत लटकवणं, भिंतीवर रेफरचे नंबर मोठ्या अक्षरात. तारीख आणि नाव नसलेली यादी भिंतीवर तशीच राहते.

आणि मग लगेच, त्याच दुपारी, तीच केस परत करा. सहा-सात मिनिटांत होते. दुसऱ्या वेळी माणसं वेगळीच दिसतात, हात आपोआप चालतात, आणि तो आत्मविश्वास घेऊन ती घरी जातात.

पुढच्या महिन्यांच्या केसेस

दुसरी केस शेगडीची घ्या. थंडीचे दिवस, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून घर झोपलं, सकाळी चौघांना डोकेदुखी, उलट्या, चक्कर. आग नाही, काजळी नाही, भाजलेलं काही नाही. स्टाफ विषबाधा किंवा रात्रीचं शिळं जेवण यामागे धावतो. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी तेच होतंय, हा धागा पकडता येतो का हे बघायचं. गॅस गीझरच्या बंद बाथरूममध्ये पडलेला माणूस ही याचीच शहरी बहीण. चौघांत एक गरोदर ठेवा, कारण गर्भातल्या बाळाच्या रक्तातून हा वायू आईपेक्षा खूप सावकाश निघतो, आई बरी वाटली तरी तिचा ऑक्सिजन जास्त वेळ चालू ठेवून पुढे पाठवायचं. आणि सिलेंडर एकच, पेशंट चार, मग कुणाला आधी? ही चर्चा फार उपयोगी होते.

तिसरी केस सायनाइडची, फोमच्या गाद्यांचं दुकान जळालंय, पेशंट बेशुद्ध, बीपी ७०, फुल ऑक्सिजन देऊनही सुधारत नाही. यावरचं सगळ्यात चांगलं औषध हायड्रॉक्सोकोबालामिन, मोठ्या माणसाला ५ ग्रॅम, पण ते ग्रामीण भागात मिळेल ही आशा धरू नका. जिथे सोडियम थायोसल्फेट आहे तिथे मोठ्या माणसाला साडेबारा ग्रॅम शिरेतून सावकाश. सायनाइडवरचंच दुसरं औषध नायट्राइट मात्र धुराच्या पेशंटला टाळायचं, आधीच कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं रक्त ते अजून निकामी करतं. पीएचसीच्या पातळीवर या केसचं ध्येय एवढंच की फोनवर "सायनाइडचा संशय आहे" हे शब्द वेळेत उच्चारले जावेत, म्हणजे पुढचे लोक औषध शोधायला लागतील.

ज्यांना जमेल त्यांनी वर्षातून एकदा गळ्यातून श्वासमार्ग उघडायची प्रॅक्टिस करा. मटणवाल्याकडून बकऱ्याची श्वासनळी आणा, लाकडी फळीवर बसवा, वरून जाड चिकटपट्टीची कातडी. दहा नंबरचं ब्लेड, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक काडी), सहा नंबरची कफवाली नळी. प्रत्येक डॉक्टरने स्वतःच्या हाताने करायचं, बघून येत नाही. हे मोठ्या माणसांचं तंत्र आहे, लहान लेकरांना असं कापायचं नाही हे त्याच वेळी सांगा. ग्लोव्हज घालून, पेशंटच्या टेबलापासून लांब, आणि नंतर जैविक कचऱ्यात.

आशाताईंसाठी आणि मुकादमांसाठी वेगळी वीस मिनिटं ठेवा, त्यात औषधं काही नकोत. पेटत्या कोपीत परत शिरायचं नाही, बाहेर काढलेल्या माणसाला मोकळ्या हवेत बसवायचं, भाजलेल्या जागी साधं पाणी, आवाज बसला किंवा तोंडातून काळं आलं तर "बरं वाटतंय" म्हटलं तरी दवाखान्यात आणायचं, आणि १०८.

ड्रिल संपल्यावर

हे विसरलं तर ड्रिलच धोकादायक ठरतं. ट्रेनिंगच्या पाण्याच्या बाटल्या मोजून, जितक्या काढल्या तितक्या बाहेर गेल्या याची खात्री दोघांनी करायची, एकही औषधांच्या ट्रेमध्ये राहता कामा नये. वापरलेल्या मास्कच्या जागी नवीन मास्क. सक्शन चालू करून बघा, लॅरिंगोस्कोपची बॅटरी बघा. सिलेंडरचं गेज वाचून वहीत लिहा, ड्रिलमध्ये ऑक्सिजन खर्च झालेला असतो, तो त्याच दिवशी बदला, रात्री कोण येईल सांगता येत नाही. यादीवर मेडिकल ऑफिसरची सही घ्या आणि पुढच्या ड्रिलची तारीख त्याच कागदावर टाका, आणि यावेळी रात्रपाळीला असलेल्या सिस्टरना पुढच्या वेळी दिवसा बोलवा.